व्रत मोडलं, तर मुलानं कुठे जायचं?



हा लेख लिहू की नको, यात चार महिने गेले. गोष्ट घरातली आहे आणि घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात, असं शिकूनच मी मोठी झाले. ज्याची ही गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवली. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि म्हणाला, "टाक आत्या. नाव नको टाकू, बाकी टाक." म्हणून आज टाकते आहे.

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. भावाचा मुलगा अकरावीला पेणला येतो. सकाळी रोह्याहून गाडी पकडतो, कॉलेज झालं की दुपारी माझ्याकडे जेवतो, मग क्लास. क्लास सुटून रोह्याला पोहोचेपर्यंत सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळचं ताटही माझ्याकडेच. मुलाचा चोविहार चुकू नये ही वहिनीची काळजी, आणि ती मला पटलेलीच होती. रोज साडेपाचला मी गरम भाकरी करायची, तो घाईघाईनं जेवायचा, पाणी प्यायचा आणि हात जोडून पच्चक्खाण घेऊन निघायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस तो नखशिखांत भिजून आला. मी त्याला मुलाचे कपडे दिले आणि त्याची पँट धुवायला घेतली. खिशात रबर लावलेली प्लॅस्टिकची छोटी पुडी निघाली. मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून करतात तो. मी पुडी नाकाशी नेली आणि तिथेच मोरीत बसले.

सांगायला हवं, हा मुलगा कोण आहे. आदल्या पर्युषणात त्यानं अठ्ठाई केली होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. रोह्याच्या बाजारपेठेतून वरघोडा निघाला, पारण्याला पाहुण्यांची रांग लागली, आणि माझ्या भावानं त्याचा हार घातलेला फोटो मोठा करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावला. पाठशाळेत याच मुलानं सप्त व्यसनांचा तक्ता तोंडपाठ म्हणून पहिलं बक्षीस घेतलं होतं. जुगार, मांस, मद्य, सगळं क्रमानं, न अडखळता.

मी त्याला ओरडले नाही. त्याचं श्रेय मला नको, त्या वेळी माझा आवाजच फुटत नव्हता. स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसून पुडी ओट्यावर ठेवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पांना सांगू नको."

हळूहळू कळलं ते असं. सुरुवात नववीत झाली, एका मित्रानं दिली म्हणून. आता दिवसाला दोन-तीन पुड्या. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की संध्याकाळी माझ्याकडे पच्चक्खाण घेऊन तो गाडीत बसायचा आणि नागोठणं गेलं की पुडी तोंडात टाकायचा. चोविहारात पाण्याचा थेंबही चालत नाही. सुपारी तर आपल्याकडे चार आहारांतल्या 'साइम'मध्येच धरलेली आहे. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं.

मी विचारलं, "मग पच्चक्खाण तरी कशाला घेत होतास?"

तो म्हणाला, "नाही घेतलं असतं तर तुम्ही विचारलं असतं. आणि एकदा मोडलंच आहे ना आत्या, मग एकदा काय आणि शंभरदा काय."

हे वाक्य मी रात्रभर डोक्यात घेऊन झोपले नाही. आजचा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

आपल्यात एक समज पक्का आहे, की धार्मिक घरातली मुलं व्यसनाकडे जात नाहीत. हा समज निव्वळ खोटा नाही. ज्या घरांत धर्म पाळला जातो, तिथली मुलं दारू-तंबाखूकडे कमी वळतात, हे जगभरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. अभ्यास कशाला, आपल्या रायगड जिल्ह्यातच बघा. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटली, हे इथल्या गावागावांत माहीत आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. बैठकीला बसायला लागल्यावर बाटली सोडलेले बाप पेण, रोहा, अलिबाग या भागात कितीतरी सापडतील. आमच्या रोह्यातच १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, त्यांच्या स्वाध्यायींच्या भक्तिफेऱ्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत गेल्या आणि तिथेही अनेक घरांतली दारू थांबली. पंथ आपला नाही, पण चांगलं ते चांगलं म्हणायला अनेकांतवाद मानणाऱ्या माणसाला काय अडचण? आपल्याकडेही आचार्य तुलसींनी १९४९ साली अणुव्रत आंदोलन सुरू केलं, त्याच्या नियमांत व्यसनमुक्त जगण्याचा नियम आहेच.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती आपण विसरतो. तिथे आधी मोठ्या माणसानं सोडलं. बापानं बाटली ठेवली आणि मुलानं ते डोळ्यांनी बघितलं. आपल्या घरात काय होतं? आपल्या पिढ्यांनी दारूला कधी हातच लावला नाही, त्यामुळे सोडणं म्हणजे काय, ते किती जड असतं, हे मुलानं घरात कधी पाहिलेलंच नसतं. त्याला फक्त दोन प्रकारची माणसं माहीत असतात. शुद्ध आणि बिघडलेली. पहिली पुडी तोंडात गेली, की तो स्वतःच स्वतःला दुसऱ्या रांगेत उभं करतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात नेमकं हेच मांडलं. पूर्ण वर्ज्य करायचं ठरवलेल्या माणसाचा पाय एकदा घसरला आणि त्याला वाटलं की 'आता सगळं संपलं, मी असाच आहे', तर ती भावनाच त्याला पुढच्या घसरणीकडे ढकलते. एका घोटापेक्षा त्या घोटाचा त्यानं लावलेला अर्थ जास्त नुकसान करतो. माझ्या भाच्यानं मार्लॅट वाचलेला नाही. पण "एकदा काय आणि शंभरदा काय" हे तेच आहे.

आता मला सांगा, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज होती का? आपल्या शास्त्रांनी व्रतभंगाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. अतिक्रम, म्हणजे मनात इच्छा आली. व्यतिक्रम, म्हणजे त्या दिशेनं पाऊल टाकलं. अतिचार, म्हणजे व्रताला डाग लागला, पण ते अजून पुरतं गेलं नाही. आणि अनाचार, म्हणजे पूर्ण मोडलं. मनात आल्यापासून पूर्ण मोडेपर्यंत चार ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणाहून मागे फिरता येतं. मोडल्यावरही प्रायश्चित्त आहे. त्याचे दहा प्रकार सांगितले आहेत, आणि पहिला उपास नाही, शिक्षा नाही. पहिला आहे आलोचना. जे झालं ते गुरूंसमोर जसंच्या तसं सांगणं.

आलोचना ऐकणारा कसा असावा, हेही सांगितलेलं आहे. तो 'अपरिस्रावी' हवा. म्हणजे ज्याच्यातून काही गळत नाही, पाझरत नाही असा. सांगणाऱ्याची गोष्ट त्याच्या पोटातच राहिली पाहिजे. मी स्वतःला विचारलं, आमच्या घरात असं अपरिस्रावी कोण आहे? मुलाला परीक्षेत कमी गुण मिळाले तरी ते संध्याकाळपर्यंत तीन मावश्यांना कळतं. अशा घरात मुलगा तंबाखूची गोष्ट कोणापाशी बोलणार?

पाठशाळेत आपण मुलांना व्यसनांची नावं शिकवतो, नरकाची चित्रं दाखवतो. मागे फिरायची वाट शिकवत नाही. प्रतिक्रमण या शब्दाचाच अर्थ मागे फिरणं असा आहे. तीही पाठ करून घेतो आणि बक्षीस देतो.

आता अवघड भाग. तो म्हणाला होता, "पहिल्यांदा मित्रानं दिली तेव्हा वास ओळखीचा वाटला. आजोबांच्या दुकानाचा वास."

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आता भाऊ बघतो. तिथे विडीचे बंडल होते, तंबाखूच्या पुड्या होत्या, तुकडा सुपारी होती. लहानपणी सुट्टीत मी स्वतः विडीची बंडलं मोजून बरणीत लावली आहेत. गावाकडून आलेलं गिऱ्हाईक मीठ, तेल, तंबाखू एकाच पिशवीत घेऊन जायचं. आम्ही खात नव्हतो, म्हणून आम्ही स्वच्छ. असं आम्हाला वाटायचं. पण श्रावकानं करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी, पंधरा कर्मादानं, आपण अतिचारात दरवर्षी म्हणतो. त्यात विषवाणिज्य आहे. विषाचा व्यापार. मी ते शब्द चाळीस वर्षं म्हणत आले आणि बरणी कधी आठवली नाही.

२०१६-१७ सालच्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरतात. ओढणारे फक्त ३.८ टक्के. २४.४ टक्के लोक तोंडात ठेवतात, चघळतात किंवा दातांना लावतात. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूला धूर नाही, आणि म्हणून ती घरात शिरलेली कळतही नाही. २०१९च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखूचा प्रकार वापरत होती. साधारण बारा मुलांत एक. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबलेली नाही, हे स्टेशनाबाहेर उभं राहिलं की दिसतं.

आणि नुसत्या सुपारीला आपण व्यसनात धरतच नाही. जेवणानंतर मुखवासाच्या डब्यातली गोड सुपारी मुलांच्या हातावर आपणच ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच सांगितलं आहे, की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. माझ्या डब्यातली सुपारी मी त्याच आठवड्यात काढली. बडीशेप आणि धनाडाळ ठेवली आहे. कोणी मागितली तर सांगते, संपली.

तर पुढे काय झालं. मी त्याला म्हटलं, "मी सांगणार नाही. पण तू सांगायचंस. आधी आईला. केव्हा ते तू ठरव, पण या महिन्यात." तो म्हणाला, "पप्पा फोटो काढून टाकतील." मला वाटलं होतं त्याला माराची भीती आहे. त्याला भीती त्या फोटोची होती. म्हणाला, दुकानात गेलं की तो फोटो दिसतो आणि वाटतं, हा मुलगा वेगळा आणि मी वेगळा.

त्यानं अठरा दिवसांनी आईला सांगितलं. वहिनी रडली, मग तिनंच भावाला सांगितलं. भाऊ दोन दिवस मुलाशी बोलला नाही. मला फोन करून म्हणाला, "तुझ्याकडे जेवायला येत होता, तुला कळलं नाही?" त्याचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं. मग मीही म्हटलं, "आणि बरणी?" त्यानं फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी भाऊ मुलाला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेला. तोंड उघडायला लावून डॉक्टरांनी तीन बोटं उभी घालून पाहिली, आतून गाल तपासले. अजून काही झालेलं नाही म्हणाले, पण वेळेत आलात असंही म्हणाले. सोडताना पहिला आठवडा फार वाईट गेला. चिडचिड, डोकं दुखणं, अभ्यासात लक्ष नाही. दोन महिन्यांत तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं स्वतः सांगितलं. दुसऱ्यांदा तर मलाच, त्याच स्वयंपाकघरात, मी भाकरी थापत असताना. मी म्हटलं, "बरं. अतिचार झाला. आता?" तो जरा हसला. मग जेवला.

दुकानातल्या पुड्या भावानं बंद केल्या. विडीची बंडलं अजून आहेत. म्हणतो, एकदम बंद केलं तर गिऱ्हाईक तुटेल. यावर आमचं भांडण चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. फोटो मात्र अजून तिथेच आहे. मुलानंच म्हटलं, राहू दे.

काही जणी म्हणतील, अशी सूट दिली तर मुलं आणखी बिघडतील. माझ्या सासूबाई तेच म्हणाल्या. पण मी व्रत सैल करा म्हणत नाही. आमच्या घरात तंबाखू चालत नाही, चालणार नाही, त्यात तडजोड नाही. डायना बॉमरिंड या अभ्यासिकेनं अमेरिकेतली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली आणि १९९१ साली लिहिलं, की नियमांत ठाम पण मुलांशी मायेनं आणि बोलतं नातं ठेवणाऱ्या आईबापांची मुलं अमली पदार्थांपासून सगळ्यांत जास्त वाचली. आपल्या घरांत ठामपणा भरपूर आहे. बोलतं नातं कमी पडतं.

दुसरी गोष्ट पच्चक्खाणाची. गुरू 'पच्चक्खाइ' म्हणतात तेव्हा घेणाऱ्यानं 'पच्चक्खामि' म्हणायचं असतं. मी त्याग करतो, असं. तो शब्द आई मुलाच्या वतीनं म्हणू शकत नाही. मी रोज साडेपाचला जे ऐकत होते, ते त्याचं पच्चक्खाण नव्हतं. ते माझं, वहिनीचं आणि समाजाचं होतं, तो फक्त ओठ हलवत होता. आता तो चोविहार रोज करत नाही. आठवड्यातून तीन दिवस करतो आणि ते तीन दिवस त्यानं निवडले आहेत. वहिनीला हे जड गेलं. मलाही गेलं. पण वंकचूलाची गोष्ट आपण मुलांना सांगतोच ना? लुटारू होता, मोठं व्रत पेलणारं नव्हतं, म्हणून मुनींनी चारच लहान नियम दिले. ते त्यानं समजून घेतले, म्हणून तरला.

घरात असं काही कळलं तर एवढं करा. पहिल्या दिवशी समाजात, नातेवाइकांत कोणालाही सांगू नका. मुलाला किती, कधीपासून, कुठून हे शांतपणे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. इतर नशेसाठी १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेलि-मानस, १४४१६. प्रकरण मोठं असेल तर लाजू नका. पुण्याला अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे माणसाला तुच्छ लेखत नाहीत. आणि दुकान असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं हा गुन्हा आहे, हे घरातल्या पुरुषांना एकदा ठणकावून सांगा.

येत्या संवत्सरीला आपण सगळ्या जगाची क्षमा मागू. मोबाइलवर दोनशे लोकांना एकच संदेश पाठवू. त्याआधी एकदा आपल्या मुलासमोर बसू या. आपण कुठे चुकलो ते आधी आपण सांगू या. मी भाच्याला विडीच्या बरणीबद्दल सांगितलं. मी ती भरत होते हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तू पण?" मी म्हटलं, "हो, मी पण."

त्यानंतर त्यानं मला बरंच काही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मिच्छामि दुक्कडम्.